हाडाला पाडलेले भोक आणि जनावराच्या पायाची बळकटी

शेतकऱ्याच्या दावणीला असलेल्या बैलाचे सारे मोल त्याच्या चार पायांवर उभे असते. बैल धष्टपुष्ट असो, जातिवंत असो; त्याचा एक पाय निकामी झाला की जोडी मोडते आणि जोडी मोडली की ऐन पेरणीत औत उभे राहते. गाईम्हशींच्या बाबतीतही तेच. पाय मोडलेली गाय उठू शकत नाही, चरू शकत नाही आणि थोड्याच दिवसांत दुधावरून उतरते. पूर्वी जनावराचा पाय मोडला म्हणजे त्याची आशा सोडून देण्याचा प्रघात होता. आज तशी परिस्थिती राहिलेली नाही. प्लॅस्टर, लोखंडी आधार, धातूची सळई, पट्टी व स्क्रू यांच्या साहाय्याने मोडलेली हाडे सांधता येतात आणि योग्य जनावर निवडले तर ते पुन्हा कामालाही लागते.

परंतु यात एक गोष्ट अशी आहे की जी पुष्कळ पशुपालकांच्या ध्यानात येत नाही. सळई किंवा स्क्रू बसविण्यासाठी हाडाला भोक पाडावे लागते, आणि भोक पाडलेले हाड काही काळ पूर्वीइतके बळकट राहत नाही. पाय बरा झाला, पट्टी काढली, जनावर नीट चालू लागले, म्हणून मालक त्याला लगेच औताला जुंपतो आणि तोच पाय जुन्या भोकाच्या जागी पुन्हा मोडतो. असे घडले म्हणजे शस्त्रक्रियेला दोष दिला जातो. वास्तविक दोष घाईचा असतो. भोकामुळे हाड का दुबळे होते, किती दुबळे होते आणि किती दिवसांनी ते पूर्ववत होते, हे समजून घेतले तर ही हानी टाळता येण्यासारखी आहे.

नळीच्या हाडाची घडण

जनावराच्या पायातील लांब हाडांना आपण नळ्या म्हणतो, आणि हे नाव अगदी सार्थ आहे. ही हाडे आतून पोकळ असतात. बाहेरील कवच दाट व कठीण असून आतल्या पोकळीत मगज असतो. दोन्ही टोकांना, म्हणजे सांध्याजवळ, हाड रुंद होते व त्याच्या आत जाळीदार, सच्छिद्र हाड असते.

हाड पोकळ म्हणजे कमजोर, असा समज करून घेऊ नये. कळकाचा बांबू पोकळ असूनही किती भार सहन करतो हे सर्वांच्या परिचयाचे आहे. इटालियन शास्त्रज्ञ गॅलिलिओ याने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पोकळ काड्या व पोकळ हाडे यांच्या बळकटीचा विचार मांडला होता. समजा, ४ सेंटीमीटर जाडीची एक नळी आहे व तिच्यातील पोकळी २ सेंटीमीटर आहे. तितक्याच वजनाचा त्याच पदार्थाचा भरीव दांडा केला तर त्याची जाडी सुमारे साडेतीन सेंटीमीटर भरेल. या दोहोंची तुलना केली असता वाकविण्यास व पिळण्यास नळी ही दांड्यापेक्षा सुमारे ४४ टक्के अधिक टिकते. निसर्गाने कमी वजनात अधिक बळ साधले आहे ते असे. मात्र यावरून एक गोष्ट उघड होते. नळीचे सारे बळ तिच्या बाहेरील कवचात असते. तेव्हा त्या कवचालाच भोक पडले तर त्याचा परिणाम मोठा होणार.

हाड ज्या पदार्थाचे बनलेले असते तोही ध्यानात घेतला पाहिजे. त्यात वजनाने सुमारे दोन तृतीयांश भाग चुना व स्फुरद यांच्या क्षारांचा असतो आणि उरलेला बहुतेक भाग चिवट तंतूंचा व पाण्याचा असतो. क्षारांमुळे हाडाला कठीणपणा येतो आणि तंतूंमुळे चिवटपणा येतो. असे हाड दाब चांगला सोसते, ताण त्याहून कमी सोसते आणि पिळामुळे होणारी सरक सर्वांत कमी सोसते. माणसाच्या मांडीच्या हाडावर केलेल्या मोजणीत दर चौरस सेंटीमीटरला दाबाच्या बाबतीत सुमारे २,००० किलो, ताणाच्या बाबतीत सुमारे १,३०० किलो आणि सरकेच्या बाबतीत सुमारे ७०० किलो एवढी सहनशक्ती आढळते. जनावरांच्या हाडांचा क्रमही असाच असतो. म्हणूनच सरळ उभ्या पायावर पडलेल्या भाराने नळी सहसा मोडत नाही. ती मोडते वाकल्याने किंवा पिळवटल्याने.

भोकापाशी ताण का दाटतो

लाकडी जू कोठे मोडते हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले असते. ते बहुधा शिवळेच्या भोकापाशी मोडते. जुवाचे लाकूड सगळीकडे सारखे असूनही चीर तेथेच का पडावी? भोकामुळे तेवढे लाकूड कमी झाले, एवढेच कारण सांगून भागत नाही. कारण कमी झालेले लाकूड थोडे असते आणि बळकटीत आलेली घट त्याहून पुष्कळ अधिक असते.

पाटाच्या पाण्यात मध्येच एक दगड ठेवला तर पाणी दगडाच्या दोन्ही बाजूंनी वाट काढते आणि त्या अरुंद जागी त्याची धार जोराची होते. पदार्थातून जाणाऱ्या ताणाचेही तसेच आहे. भोकात पदार्थ नसल्याने ताण भोकाला वळसा घालून पुढे जातो आणि भोकाच्या दोन कडांशी तो दाटतो. जर्मन अभियंता किर्श याने १८९८ साली गणिताने असे दाखवून दिले की, रुंद पत्र्याला लहानसे गोल भोक असेल व पत्रा एका दिशेने ओढला जात असेल, तर भोकाच्या कडेशी ताण इतर जागेच्या तिप्पट होतो. त्याच गणिताने पाहिले तर पत्र्यावर निव्वळ सरकेचा भार असता हे प्रमाण चौपट होते. पीळ दिलेल्या नळीच्या कवचावर असाच सरकेचा भार येतो. यात विशेष हे की, रुंद पत्र्याच्या बाबतीत भोक बारीक असो वा थोडे मोठे असो, कडेशी होणारी ही दाटी सारखीच असते.

मग भोक पडलेल्या हाडाची बळकटी एक तृतीयांश किंवा एक चतुर्थांशच उरते की काय? सुदैवाने तसे होत नाही. हाड काचेसारखे ठिसूळ नाही. त्यातील तंतूंमुळे भोकाच्या कडेचे हाड किंचित नमते व तेथे दाटलेला ताण शेजारच्या भागात वाटला जातो. शिवाय हाडात रक्तवाहिन्यांचे सूक्ष्म मार्ग मुळातच असतात व त्यांना सांभाळून घेण्याची त्याची घडण असते. त्यामुळे प्रत्यक्षातील घट गणितापेक्षा कमी असते. पण ती कमी असली तरी दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

प्रयोगांनी काय दाखविले

अमेरिकेत १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या मांडीच्या हाडांच्या जोड्या घेण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील एका हाडाला २.८ किंवा ३.६ मिलिमीटरचे एक भोक पाडले व दुसरे तसेच ठेवले. मग दोन्ही हाडांना मोडेपर्यंत पीळ दिला. भोक पाडलेल्या हाडाने मोडण्यापूर्वी झेललेली ऊर्जा सरासरीने ५५ टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे एका बारीक भोकाने हाडाची धक्का झेलण्याची शक्ती निम्म्याहून कमी केली.

येथे भार व ऊर्जा यांतील भेद ध्यानात ठेवला पाहिजे. हाड किती भाराला मोडते ही एक गोष्ट आणि मोडण्यापूर्वी किती धक्का पोटात घेते ही दुसरी. भार सोसण्याची शक्ती एक तृतीयांशाने घटली तर धक्का झेलण्याची शक्ती सुमारे निम्म्याहून अधिक घटते, कारण भार कमी झाला की हाड वळण्याचे प्रमाणही त्याबरोबर कमी होते. जनावराचा पाय मोडतो तो बहुधा धक्क्याने. खड्ड्यात पाय जाणे, दगडावरून घसरणे, गाडीच्या ओझ्याखाली ठेच लागणे, ही सारी धक्क्याचीच उदाहरणे होत. यास्तव भोक पडलेल्या पायाचे जनावर सपाट जागी शांतपणे उभे राहते व चालते, एवढ्यावरून त्याचा पाय धक्का सोसण्यास समर्थ झाला असे मानता येत नाही.

भोक किती मोठे असावे याविषयीची माहिती १९९० सालच्या एका अभ्यासाने दिली. त्यात मेंढ्यांच्या मांडीच्या हाडांना निरनिराळ्या आकाराची भोके पाडून त्यांना पीळ देण्यात आला. भोक हाडाच्या जाडीच्या १० टक्के असता बळकटीत लक्षणीय घट आढळली नाही. ते २० टक्के होताच बळकटी ३४ टक्क्यांनी उतरली आणि त्यापुढे ६० टक्क्यांपर्यंत जसजसे भोक वाढत गेले तसतशी ती उतरतच गेली. ३ सेंटीमीटर जाडीच्या नळीच्या बाबतीत याचा अर्थ असा की, ३ मिलिमीटरच्या भोकाची फारशी चिंता नाही, पण ६ मिलिमीटरच्या भोकाने हाडाची सुमारे एक तृतीयांश बळकटी जाते. हाडाच्या जाडीच्या २० ते ३० टक्क्यांहून मोठे भोक पाडू नये असा जो नियम शस्त्रक्रिया करणारे पाळतात, त्याचे कारण हेच.

सर्वांत उपयुक्त माहिती १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या सशांवरील प्रयोगांतून मिळाली. हाडात स्क्रू बसविताच त्याची ऊर्जा झेलण्याची शक्ती सुमारे ७० टक्क्यांनी घटली. याचा अर्थ, भोकात स्क्रू घट्ट बसला म्हणून भोक नाहीसे होत नाही. पुढे आठ आठवड्यांत हाडाने स्क्रूच्या भोवती स्वतःची नवी रचना केली व ही दुर्बलता नाहीशी झाली. परंतु त्या वेळी स्क्रू काढताच रिकाम्या भोकामुळे हाड पुन्हा दुबळे झाले. ते भोक भरून येऊन बळ परत येण्यास सशाला सुमारे चार आठवडे लागले. ससा लहान प्राणी आहे व त्याचे हाड लवकर भरते. मोठ्या जनावरास याहून अधिक काळ लागतो.

ग्रामसेवकांनी व पशुपालकांनी यातून घ्यावयाचा बोध असा की, पायाला धोका दोनदा येतो. एकदा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत, आणि दुसऱ्यांदा धातू काढून घेतल्यानंतर. पहिल्या वेळी सर्वजण सावध असतात. दुसऱ्या वेळी कोणीच सावध नसते.

मग भोके पाडावयाची तरी कशाला?

हा प्रश्न स्वाभाविक आहे. जेथे भोक न पाडता भागते तेथे पशुवैद्य ते पाडीतही नाहीत. गाईबैलांत सर्वांत अधिक मोडणारे हाड म्हणजे गुडघ्याखालची अथवा ढोपराखालची नळी. या भागावर मांस नसल्याने बाहेरून आधार देणे सोपे जाते. कातडी फाटलेली नसेल तर प्लॅस्टर घालून ही नळी बहुधा चांगली सांधते. लहान वासराचे हाड चार ते सहा आठवड्यांत सांधते. मोठ्या जनावरास दोन ते तीन महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यावरील हाडांसाठी लोखंडी कड्याचा टेकू, ज्याला थॉमसचा आधार म्हणतात, तो प्लॅस्टरच्या जोडीने वापरतात.

परंतु मांडीचे व दंडाचे हाड जाड मांसात दडलेले असते. तेथे प्लॅस्टरचा उपयोग होत नाही. तसेच हाडाचे तुकडे एकमेकांवर चढले असतील, बारीक चुरा झाला असेल किंवा जखम उघडी असेल, तेव्हा हाड आतून धरून ठेवणे भाग पडते. मग नळीच्या पोकळीत सळई घालतात, किंवा हाडावर धातूची पट्टी ठेवून ती स्क्रूंनी आवळतात, किंवा हाडातून आरपार सळया घालून त्या बाहेरून प्लॅस्टरमध्ये अथवा चौकटीत धरतात. भोकाने हाडाचे बळ काही काळ कमी होते हे खरे. पण न सांधलेल्या हाडाला बळच नसते. तेव्हा ही देवघेव डोळसपणे केलेली असते.

जनावराचे वजन, वय, स्वभाव, जखमेची अवस्था व होणारा खर्च यांचा विचार करूनच शस्त्रक्रिया ठरवावी लागते. वासरे, कालवडी, शेळ्या व मेंढ्या यांत यश अधिक मिळते. चार-पाचशे किलोच्या बैलाच्या मांडीचे हाड मोडले असता यशाची आशा फार थोडी असते, हे मालकास आधीच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. खोटी आशा दाखवून जनावराचे हाल वाढविणे इष्ट नव्हे.

शस्त्रक्रियेत घेतली जाणारी काळजी

चांगला सुतार लाकडाला भोक पाडताना जसा विचार करतो तसाच विचार येथे करावा लागतो. भोके एका ओळीत व एकाच रेषेत जवळजवळ आली तर एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत चीर धावते. म्हणून आरपार सळया घालताना त्या एकमेकींशी थोड्या कोनात, तिरकस ठेवतात. भोकाची कड गोल व गुळगुळीत असावी लागते. चौकोनी किंवा कोपरा असलेल्या कापापाशी ताण अधिक दाटतो. लांबट फट गोल भोकाहून फारच वाईट, कारण नळीचे बंद वर्तुळ उघडले की तिची पीळ सोसण्याची शक्ती एकदम ढासळते. तसेच मोडलेल्या जागेच्या अगदी लगत भोक पाडण्याचे टाळतात.

भोक पाडण्याच्या अवजाराला धार असावी लागते व ते बेताने फिरवावे लागते. बोथट गिरमिट जोराने फिरविले तर हाड तापते. सशांच्या हाडावरील १९८३ सालच्या प्रयोगात असे दिसून आले की, हाड ४७ अंश सेल्सियसपर्यंत एक मिनिट तापले तरी त्याला इजा होते. असे मेलेले हाड सळईभोवती झिजते, सळई ढिली होते व भोक आपोआप मोठे होते. म्हणून निर्जंतुक खारे पाणी सोडीत, थांबत थांबत भोक पाडतात. ही शस्त्रक्रिया योग्य साधने असलेल्या पशुवैद्यकीय रुग्णालयातच व्हावी असा आग्रह का धरला जातो, हे यावरून समजून येईल.

मालकाने घ्यावयाची काळजी

शस्त्रक्रियेचे निम्मे यश दवाखान्यात असते व निम्मे गोठ्यात. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

(१) जनावर स्वतंत्र, कोरड्या व न घसरणाऱ्या जागेत ठेवावे. गुळगुळीत फरशी किंवा शेणामुताचा चिखल म्हणजे पाय घसरण्यास आमंत्रण होय. खाली पाचट, भुसा किंवा वाळलेल्या गवताची जाड गादी करावी.

(२) दावे आखूड ठेवावे, म्हणजे जनावर गरकन वळणार नाही. पाय जमिनीत रोवून अंग वळविले की नळीला पीळ बसतो, आणि भोक पडलेल्या हाडास पीळ हाच सर्वांत घातक असतो.

(३) प्लॅस्टरच्या खालचा भाग रोज पाहावा. खूर गार लागणे, सूज येणे, दुर्गंधी सुटणे, पाणी झिरपणे किंवा कालपर्यंत पाय टेकणाऱ्या जनावराने तो अकस्मात उचलून धरणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यास कळवावे.

(४) सळया बाहेर असतील तर त्यांच्या मुळाशी स्वच्छता ठेवावी व सांगितलेले औषध लावावे. सळई हलू लागली म्हणजे भोक मोठे होत आहे असे समजावे.

(५) दुसऱ्या बाजूच्या पायावर सारा भार येतो. तो पाय सुजतो किंवा वाकडा होतो काय, यावर लक्ष ठेवावे.

(६) पट्टी अथवा सळई काढावयाची की तशीच ठेवावयाची, हे पशुवैद्याने क्ष-किरण चित्र पाहून ठरवावयाचे असते. ती काही त्रास देत नसेल तर पुष्कळदा तशीच ठेवतात. काढलीच, तर जनावर नवीनच पाय मोडल्याप्रमाणे जपावे. निदान सहा ते आठ आठवडे त्याला औत, गाडी, मोट, कळपातील धावपळ व चढउताराचे चरणे यांपासून दूर ठेवावे. त्यानंतर प्रथम मोकळे चालविणे, मग रिकामी गाडी, मग हलके काम, अशा पायऱ्यांनी त्याला कामावर आणावे. नेमकी मुदत पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरवावी.

शेवटची सूचना सांगावयास सोपी आणि पाळावयास कठीण आहे. मृग निघाला, शेजाऱ्याच्या पाभरी चालू झाल्या, आणि आपला बैल गोठ्यात नीट उभा दिसत असता त्याला बांधून ठेवणे कोणासही जड जाते. अशा वेळी ग्रामसेवकाने केवळ उपदेश करून थांबू नये. इर्जिकीची प्रथा आपल्या गावांना नवी नाही. चार शेजाऱ्यांनी एक दिवस आपापली औते दिली तर एका कुटुंबाची पेरणी सहज उरकते आणि एक बैल वाचतो. ते शक्य नसेल तर भाड्याचा ट्रॅक्टर किंवा सावडीने मिळणारा बैल, यांची सोय आधीच लावून द्यावी. एका हंगामाचे भाडे हे बैलाच्या किमतीपुढे काहीच नव्हे.

पाय मोडताच काय करावे

जनावर पडले असेल तर त्याला शेपटी पिरगाळून किंवा मारझोड करून उठवू नये. तसे केल्याने बंद मोड उघडी होते, हाडाचे टोक कातडी फोडून बाहेर येते व बरा होणारा पाय हातचा जातो. जनावरास शांत करावे व डोके धरून ठेवावे. नळी मोडली असल्यास पायाभोवती स्वच्छ कापूस किंवा मऊ कापडाच्या घड्या गुंडाळाव्यात व त्यावर बांबूच्या रुंद कामट्या दोन बाजूंना ठेवून पट्ट्यांनी बांधाव्यात. कामट्या मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे धरतील इतक्या लांब असाव्यात. केवळ मोडलेल्या जागेपुरते बांधणे अपायकारक ठरते. बांधणे घट्ट असावे, पण रक्त कोंडेल इतके आवळू नये. मांडी किंवा दंड मोडला असेल तर कामट्या बांधू नयेत. जनावर हलू न देता पशुवैद्यास बोलवावे.

जखम असल्यास ती उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने झाकावी. शेण, राख, हळद, तेल किंवा अन्य लेप लावू नयेत. मोडलेल्या पायास डाग देण्याची जी रूढी कोठे कोठे आढळते ती सर्वस्वी त्याज्य आहे. डागल्याने हाड सांधत नाही. उलट कातडी जळते, प्लॅस्टर घालता येत नाही व जखमेत पू होतो. नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. १९६२ या दूरध्वनी क्रमांकावरही फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी संपर्क साधता येतो.

पुष्कळ मोडी मुळातच टाळता येण्यासारख्या असतात. गाय अडली असता वासराच्या पुढच्या पायांना दोर बांधून चारसहा माणसांनी ओढल्याने कोवळ्या नळ्या मोडतात. अडलेल्या गाईसाठी वेळीच पशुवैद्यास बोलवावे. गोठ्यातील फरशीच्या फटी व खड्डे बुजवावेत. केवळ वाळल्या कडब्यावर किंवा भाताच्या पेंढ्यावर ठेवलेल्या जनावरास स्फुरद कमी पडते. म्हणून मोठ्या जनावरास रोज सुमारे ५० ग्रॅम क्षारमिश्रण द्यावे व त्यास ऊन मिळू द्यावे.

गावातील सभेसाठी प्रात्यक्षिक

ग्रामसेवकांना व पशुधन पर्यवेक्षकांना हा विषय अल्प खर्चात प्रत्यक्ष दाखविता येईल.

शाळेतील पाच-सहा खडू घ्यावेत. एक खडू दोन्ही टोकांना धरून हळूहळू पिळावा. तो सरळ आडवा न मोडता तिरका, मळसूत्रासारखा मोडेल. पीळ बसून मोडलेल्या नळीची मोड अशीच दिसते. मग दुसऱ्या खडूच्या मध्यावर कंपासच्या टोकाने हलक्या हाताने गोल भोक पाडावे व तोही पिळावा. तो कमी जोराने मोडेल आणि मोड भोकातून गेलेली आढळेल.

जाड कागदाची एक नळी करून तिची कड डिंकाने नीट चिकटवावी व ती पिळून पाहावी. नंतर कात्रीने तिला एका बाजूने टोकापासून टोकापर्यंत उभी चीर द्यावी व पुन्हा पिळावी. कागद तेवढाच असूनही नळी अगदी सहज पिळली जाते. कवच अखंड असण्याचे महत्त्व यावरून सर्वांस पटेल.

कोंबडीच्या पायाचे स्वच्छ केलेले हाड आठवडाभर तीव्र शिरक्यात बुडवून ठेवावे. क्षार विरघळल्याने ते रबरासारखे वाकेल. दुसरे हाड विस्तवात चांगले भाजावे. तंतू जळाल्याने ते बोटांच्या चिमटीत कुस्करले जाईल. हाडाला कठीणपणा व चिवटपणा दोन्ही लागतात, आणि पोषण अपुरे असता दोन्हींची हानी होते, हे लहान मुलांनाही यातून कळेल.

प्रात्यक्षिक झाल्यावर गावात पाय मोडून बरी होत असलेली जनावरे किती आहेत याची नोंद घ्यावी. ज्यांच्या पायातील सळई अथवा पट्टी काढावयाची आहे त्यांच्या मालकांची हंगामापूर्वी भेट घेऊन जनावरास किती विश्रांती द्यावयाची ते सांगावे आणि तेवढ्या काळात शेतीच्या कामाची पर्यायी सोय काय करता येईल, हेही त्यांच्याबरोबर बसून ठरवावे.

हाड हा निर्जीव दांडा नव्हे. लाकडाच्या जुवाला पडलेले भोक कधी भरून येत नाही. जिवंत हाडाला पडलेले भोक भरून येते. त्यासाठी त्याला चांगला चारा, कोरडा गोठा आणि पुरेसे दिवस एवढेच हवे असते. त्यांतील पहिल्या दोन गोष्टी बहुतेक शेतकरी बंधू आपल्या जनावरास देतातच. तिसरी गोष्टही त्यांनी दिली तर दवाखान्यात केलेले श्रम वाया जाणार नाहीत आणि पुढल्या हंगामात तोच बैल आपल्या चार पायांवर औत ओढील.